बायोमॉडेल्स: पेपरातली मॉडेल्स चालवून तपासून ठेवणारी रिपॉझिटरी

सुरुवातीलाच सांगून टाकते, कॉम्प्युटेशनल बायोलॉजी शिकत असाल, शिकवत असाल किंवा त्यात पीएचडी करत असाल आणि बायोमॉडेल्स अजून वापरलं नसेल, तर आधी ती साइट उघडा आणि मग हा रिव्ह्यू वाचा. फुकट आहे, डाउनलोड करायला लॉगिन लागत नाही, आणि पेशीच्या आत काय काय चालतं त्याची हजाराच्या वर गणिती मॉडेल्स तिथे अशी आहेत जी कुणीतरी बसून, चालवून, मूळ पेपरातल्या आकृतीशी ताडून बघितली आहेत. फुकट फाइली आता कुठेही मिळतात हो, पण "आम्ही हे चालवलं आणि उत्तर जुळलं" असं सांगणारी जागा फार कमी, आणि म्हणून मी हिला एवढं मानते.

विषय नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. मॉडेल म्हणजे इथे काय, तर समजा एक प्रथिन दुसऱ्याला फॉस्फेट लावतं, दुसरं तिसऱ्याला लावतं, आणि तिसरं परत येऊन पहिल्या पायरीचा वेग कमी करतं, तर यातल्या प्रत्येक पायरीचा वेग एका समीकरणात मांडायचा, सुरुवातीला कोण किती आहे ते आकडे द्यायचे आणि कॉम्प्युटरला सांगायचं की पुढच्या दोन तासांत कोण किती वाढतं, कोण किती घटतं ते काढून दे. पेपर छापून येतो तेव्हा त्यात समीकरणं असतात, पॅरामीटरचं म्हणजे समीकरणांत घालायच्या ठरावीक आकड्यांचं टेबल असतं, ग्राफ तर एकदम सुबक असतात. आपण विश्वासाने ते सगळं टाइप करतो, रन करतो, आणि ग्राफ काही केल्या तसा येत नाही. टेबलात एखादा आकडाच नसतो, किंवा सुरुवातीची कॉन्सन्ट्रेशन्स दिलेली नसतात, एका जागी मिनिटं तर दुसऱ्या जागी सेकंद, नाहीतर समीकरणात अधिकच्या जागी उणे छापलेलं. लेखकांना मेल करावा तर काम केलेला विद्यार्थी केव्हाच लॅब सोडून गेलेला, आणि पेपराच्या तळाशी मात्र "विनंती केल्यास कोड उपलब्ध" हे वाक्य तसंच. माझ्या एका विद्यार्थिनीचं जवळजवळ अख्खं सेमिस्टर अशाच एका पेपरात गेलं, शेवटी एकदाचं उत्तर आलं की तो कॉम्प्युटर आता नाही आणि फाइलही नाही. त्या पोरीचा उत्साह किती खचला ते मी बघितलंय, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आणि हे एखाद-दुसऱ्या पेपराचं नाहीये. बायोमॉडेल्सच्याच टीमने २०२१ मध्ये मॉलिक्युलर सिस्टिम्स बायोलॉजी या जर्नलमध्ये एक अभ्यास छापला, त्यात त्यांनी १५२ वेगवेगळ्या जर्नल्समध्ये आलेली ४५५ कायनेटिक (वेळेनुसार बदल दाखवणारी) मॉडेल्स घेतली आणि पेपरात दिलेल्या माहितीवरून ती पुन्हा चालवता येतात का ते पाहिलं. जवळजवळ निम्मी, म्हणजे ४९ टक्के, सरळ चालली नाहीत! मग डोकं लढवून, अंदाजाने चुका दुरुस्त करून आणि लेखकांना विचारून अजून साधारण १२ टक्के जमली. उरलेली, म्हणजे दर तीनातलं एकाहून जास्त मॉडेल, काही केल्या पेपरासारखं उत्तर देईना. लक्षात घ्या, हे सगळे पेपर तज्ज्ञांनी वाचून पास केलेले होते. म्हणजे तपासणाऱ्यांनी मजकूर वाचला, पण मॉडेल चालवून बघायची सोयच त्यांच्याकडे नव्हती किंवा तेवढा वेळ नव्हता. त्याच अभ्यासात त्यांनी आठ मुद्द्यांचं एक स्कोअरकार्डही दिलंय, मॉडेल छापायच्या आधी काय काय दिलेलं असायला हवं त्याचं. ते प्रिंट काढून लॅबमध्ये लावण्यासारखं आहे, आमच्याकडे लावलंय.

आता साइटबद्दल. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ हिंक्स्टन नावाचं गाव आहे, तिथे युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूट म्हणजे ईबीआय आहे, त्यांची ही सेवा. एप्रिल २००५ मध्ये सुरू झाली, निकोला ल नोव्हेर यांच्या पुढाकाराने. त्याच्या काही वर्षं आधी अमेरिकेत कॅलटेकमध्ये माइक हका आणि मंडळींनी एसबीएमएल नावाची फाइलची पद्धत काढली होती, जेणेकरून एका सॉफ्टवेअरमध्ये बनवलेलं मॉडेल दुसऱ्यात उघडता यावं. त्याआधी प्रत्येक लॅबची आपापली भाषा, एकाचं मॅटलॅब, दुसऱ्याचं फोर्ट्रान, तिसऱ्याचं स्वतःच लिहिलेलं काहीतरी. एसबीएमएल आल्यावर निदान मॉडेल देण्याघेण्याची एक सामाईक लिपी झाली आणि मग साहजिकच प्रश्न आला की ही मॉडेल्स ठेवायची कुठे.

साइटवर एखादं मॉडेल उघडलं की वरती थोडक्यात माहिती आणि मूळ पेपराचा सारांश, मग फाइलींचा टॅब, आधी काय बदल झाले त्याचा इतिहास, मॉडेलमधले घटक, आणि माझा सगळ्यात आवडता टॅब म्हणजे क्युरेशन, म्हणजे मॉडेल पेपराशी ताडून तपासल्याची नोंद. तिथे क्युरेटरने, म्हणजे तपासणाऱ्याने, स्वतः काढलेला ग्राफ असतो आणि पेपरातली कुठली आकृती, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा काढली ते दोन ओळींत लिहिलेलं असतं. विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा हाच टॅब उघडायला सांगते, कारण आपलं सिम्युलेशन बरोबर चाललंय का ते ताडायला समोर नमुना मिळतो.

एक उदाहरण नीट सांगते, म्हणजे वापर कसा होतो ते कळेल. क्युरेटेड मॉडेल्सचे नंबर बायोएमडीने सुरू होतात आणि पुढे दहा अंक असतात, त्यातला १० नंबर म्हणजे बोरिस खोलोडेंको यांचं २००० सालचं एमएपीके कॅस्केडचं मॉडेल. एमएपीके ही पेशीच्या बाहेरचा निरोप आत केंद्रकापर्यंत पोचवणारी तीन पायऱ्यांची साखळी, कॅन्सरच्या अभ्यासात ही हमखास येते. वर मी फॉस्फेट लावण्याचं जे सांगितलं ते साधारण हेच. आठ घटक, दहा रिअॅक्शन, म्हणजे एका बैठकीत समजण्याएवढं छोटं. फाइल उतरवायची, कोपासी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे (विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं) त्यात इम्पोर्ट करायची, टाइम कोर्समध्ये जाऊन कालावधी ९००० सेकंद म्हणजे अडीच तास द्यायचा आणि रन. समोर लाटा येतात! प्रथिनाचं प्रमाण एका पातळीला जाऊन थांबत नाही, वर जातं खाली येतं परत वर जातं, आणि हे चालूच राहतं. मग पहिल्या रिअॅक्शनमध्ये केआय नावाचा पॅरामीटर आहे, त्याची किंमत ९ असते, शेवटचं प्रथिन पहिल्या पायरीला किती जोराने ब्रेक लावतं ते या आकड्यावर ठरतं. तो आकडा खूप मोठा करा, म्हणजे ब्रेक जवळजवळ काढून टाका, की लाटा मरतात आणि रेषा सरळ होते. बारावीनंतर गणित सोडलेली मुलं असतात आमच्याकडे, डिफरन्शियल इक्वेशन म्हटलं की चेहरे पडतात, पण एक आकडा बदलल्यावर लाट मरते हे स्वतःच्या हाताने केल्यावर निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे काय ते त्यांना परत सांगावं लागत नाही. माझ्या फळ्यावरच्या दोन लेक्चरांनी जे होत नाही ते इथे अर्ध्या तासात होतं, हे मी अगदी मनापासून सांगते.

ज्यांना पायथन येतं त्यांना तर अजून सोपं. बेसिको नावाची लायब्ररी आहे, कोपासीचीच, तिच्यात बायोमॉडेलचा नुसता नंबर दिला की मॉडेल थेट साइटवरून येतं. टेल्युरियम पण आहे, सिएटलच्या हर्बर्ट सॉरो यांच्या ग्रुपचं. लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही, फाइली बहुतेक किलोबाइटमध्ये असतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरतात. तालुक्याच्या कॉलेजात लॅबचं इंटरनेट कधी असतं कधी नसतं, तिथे ही गोष्ट फार मोलाची आहे. जीनोमच्या डेटासारखं गिगाबाइट उतरवायचं लफडं इथे नाही.

आता क्युरेशनबद्दल जरा सविस्तर, कारण या साइटचा जीव तिथे आहे. कुणीही मॉडेल पाठवलं की त्याला आधी "मॉडेल" या शब्दाने सुरू होणारा नंबर मिळतो. ते झालं साधं जमा होणं. मग क्युरेटर ते घेतो, पेपर वाचतो, समीकरणं पेपराशी जुळतात का बघतो, मॉडेल चालवतो आणि पेपरातली निदान एक महत्त्वाची आकृती जशीच्या तशी येते का पाहतो. आली तरच बायोएमडी नंबर मिळतो. आणि शक्य तिथे हे लेखकाने वापरलेल्या सॉफ्टवेअरपेक्षा वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये करतात, म्हणजे उत्तर सॉफ्टवेअरच्या लहरीमुळे आलंय का समीकरणांतून आलंय तेही कळतं. हे काम मशीनने आपोआप होण्यासारखं नाही, माणसाला पेपर समजून घ्यावा लागतो.

उदाहरणार्थ २० नंबरचं मॉडेल बघा, हॉजकिन आणि हक्सली यांचं १९५२ चं. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूत विजेचा झटका कसा पुढे सरकतो ते त्यांनी गणिताने दाखवलं आणि पुढे १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हक्सली यांनी ती गणितं हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर केली होती, कारण केंब्रिजचा कॉम्प्युटर तेव्हा बंद होता. आता त्या मूळ पेपरात व्होल्टेज आजच्या उलट चिन्हाने लिहिलंय आणि शून्य म्हणजे विश्रांतीची पातळी धरलीय. ते माहीत नसताना आजच्या पुस्तकातून थोडी आणि मूळ पेपरातून थोडी अशी समीकरणं उचलली की मॉडेल वेडंवाकडं चालणारच. असल्या गोष्टी जाणत्या माणसाने एकदा निस्तरून ठेवल्या की पुढच्या हजारो लोकांचा वेळ वाचतो. विचार करा, तोच पेपर जगभरातल्या शंभर लॅबमध्ये शंभर जणांनी वेगवेगळा टाइप करायचा आणि प्रत्येकाने वेगळी चूक करायची, त्यापेक्षा एकाने नीट करून सगळ्यांना द्यायचं.

दुसरी मेहनतीची गोष्ट म्हणजे अॅनोटेशन. मॉडेल बनवणारा माणूस प्रथिनाला काहीही नाव देतो, एक्स वन म्हणतो, नाहीतर त्याच्या लॅबमधलं टोपणनाव वापरतो. इथे प्रत्येक घटकाला प्रथिनांचं युनिप्रॉट, रसायनांचं केबी (ChEBI), जीन ऑन्टॉलॉजी अशा डेटाबेसमधली ओळख जोडलेली असते, त्यामुळे हे माणसातलं प्रथिन की बेडकातलं, फॉस्फेट लागलेलं की न लागलेलं, यात घोळ होत नाही. याचे नियमसुद्धा २००५ मध्येच मिरियम नावाने छापले गेले. दोन मॉडेल्स जोडून मोठं करायचं असेल तर याशिवाय गाडी पुढे जातच नाही. वरवर कंटाळवाणं वाटणारं काम आहे आणि त्याचं श्रेय कुणाला फारसं मिळत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. हे क्युरेटर लोक फार मोठं काम करतात.

लायसन्स सीसी झिरो आहे. म्हणजे मॉडेल घ्या, बदला, शिकवा, पुस्तकात घाला, कंपनीत वापरा, परवानगी मागायची नाही. अर्थात मूळ पेपराचा उल्लेख करायचा ही आपली रीत आहे आणि ती पाळावी, पण कायद्याची भीती नाही. औषध कंपनीत काम करणाऱ्यांना हे किती सोयीचं पडतं ते त्यांनाच विचारा, कारण "फक्त शैक्षणिक वापरासाठी" अशी ओळ दिसली की त्यांच्याकडे पुढचं सगळं लीगलवाल्यांच्या टेबलावर अडतं.

आता उणिवा, कारण नुसतं कौतुक लिहून उपयोग नाही, वापरणाऱ्याला हे आधी माहीत हवं.

सगळ्यात महत्त्वाचं: क्युरेटेड म्हणजे जीवशास्त्र बरोबर आहे असा अर्थ अजिबात नाही. मॉडेल पेपराशी जुळतं एवढंच ते सांगतं. पेपरच चुकीचा असेल तर मॉडेल त्या चुकीशी इमानाने जुळतं. मी थिसिसमध्ये "बायोमॉडेल्सने प्रमाणित केलेलं मॉडेल" अशी वाक्यं वाचलीत, ती कृपा करून लिहू नका. पॅरामीटर कुठल्या प्रयोगातून आले, किती आकडे मोजलेले आणि किती अंदाजाने बसवलेले, ते पेपर उघडून स्वतः बघायला लागतंच. ६४ नंबरचं टॉइसिंक आणि सहकाऱ्यांचं यीस्टमधल्या ग्लायकोलिसिसचं (साखर फोडण्याच्या प्रक्रियेचं) मॉडेल यासाठी वाचण्यासारखं आहे, त्यांनी एकेक एन्झाइम पेशीबाहेर काढून मोजलं आणि ते आकडे पेशीच्या आत कितपत लागू पडतात हाच प्रश्न विचारला, आणि उत्तर असं की काहींना ठीक लागू पडतात, काहींना नाही. इतक्या प्रामाणिकपणे विचारलेला प्रश्न मला फार आवडतो.

शिवाय तपासणी निदान एका आकृतीची असते, पेपरात आठ आकृत्या असतील तर बाकीच्या येतीलच अशी हमी नाही. ज्या आकृतीवर तुमचं काम उभं राहणार आहे ती स्वतः काढून बघा.

अजून एक, नवख्या माणसाला हमखास गोंधळात टाकणारी गोष्ट. एसबीएमएल फाइलमध्ये मॉडेल असतं, पण "किती वेळ चालव, कुठला पॅरामीटर बदलून परत चालव, कशाचा ग्राफ काढ" हे नसतं. त्यासाठी सेड-एमएल म्हणून वेगळी फाइल आहे, आणि दोन्ही एकत्र बांधून द्यायला कम्बाइन आर्काइव्ह. पण सगळ्या जुन्या मॉडेल्सबरोबर ही माहिती नीट मिळतेच असं नाही, मग क्युरेशनचा ग्राफ बघून आणि पेपर वाचून आपण ठरवायचं. मूळ प्रयोगांचा डेटा, ज्यावरून पॅरामीटर बसवले, तोही बहुतेक वेळा मॉडेलसोबत नसतो. हे मला मनापासून खटकतं, कारण मॉडेल परत चालवणं ही एक पायरी झाली, मॉडेल परत बनवून बघणं ही खरी पुढची पायरी आहे आणि त्यासाठी डेटा लागतो.

आणि क्युरेशन माणसं करतात म्हणजे वेळ लागणार, रांग असणार. त्यामुळे नॉन-क्युरेटेड भाग मोठा आहे, त्यातली मॉडेल्स वाईट असतात असं नाही, पण तिथे जबाबदारी आपली. सर्च करताना डाव्या बाजूला फिल्टर आहे, मॅन्युअली क्युरेटेड निवडून ठेवा आणि मगच यादी वाचा. याशिवाय पाथवे म्हणजे पेशीतल्या रिअॅक्शनच्या साखळ्यांच्या डेटाबेसवरून आपोआप तयार केलेली १,४०,००० च्या वर मॉडेल्स आहेत, २०१३ च्या पाथ-टू-मॉडेल्स प्रकल्पातली, ती वेगळी ठेवलीत. आकडा ऐकून भारावून जाऊ नका, तो कच्चा माल आहे, सांगाडा म्हणून कामाला येतो.

कुणासाठी नाही तेही सांगते. न्यूरॉनची मॉडेल्स हवी असतील तर येलचं मॉडेलडीबी बघा, तिथे लेखकाचा कोड जसा आहे तसा ठेवलेला असतो, बहुतेक 'न्यूरॉन' नावाच्याच सिम्युलेटर सॉफ्टवेअरसाठीचा. हृदय, स्नायू वगैरे शरीरशास्त्राची मॉडेल्स हवी असतील तर ऑकलंडवाल्यांची फिजिओम रिपॉझिटरी, सेलएमएल पद्धतीची. अख्ख्या जीवाणूचं चयापचय, म्हणजे जीनोम स्केल मॉडेल, तर सॅन दिएगोचं बिग, ई कोलाय या जीवाणूचं १५१५ जनुकांचं मॉडेल तिथे आहे. बायोमॉडेल्समध्येही थोडं थोडं सगळं आहे, पण त्याचा खरा जोर कायनेटिक म्हणजे वेळेनुसार बदल दाखवणाऱ्या मॉडेल्सवर.

आणि हे फक्त युरोप-अमेरिकेचं काम आहे असं समजू नका. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत उपिंदर भल्ला यांच्या लॅबने डॉक्स (डी-ओ-क्यू-सी-एस) नावाचा सिग्नलिंग म्हणजे पेशीतल्या निरोपांच्या मॉडेल्सचा डेटाबेस केला होता, त्याचा पेपर २००३ चा आहे, म्हणजे बायोमॉडेल्स सुरू व्हायच्याही आधीचा. एकेक रिअॅक्शन, तिचे दर, ते कुठून घेतले त्याच्या टिपा, सगळं नीट लिहून उघडं ठेवलं. आपल्याकडे अभ्यासक्रमात याचा उल्लेख जवळजवळ नसतो आणि मला त्याची खंत वाटते. पोरांना वाटतं असलं काही आपल्याकडे होतच नाही.

"मग गिटहबवर टाकलं की झालं ना?" असं बरेच जण विचारतात. कोड ठेवायची साइट म्हणून गिटहब चांगलंच आहे, मी वापरते, आणि झेनोडो या संग्रहावर टाकून डीओआय म्हणजे कायमचा ओळख नंबर घेतला की कायमची नोंदही राहते. पण तिथे कुणी तपासत नाही. कुठल्या व्हर्जनवर चालतं ते लिहिलेलं नसतं, फोल्डरचा पत्ता लेखकाच्याच लॅपटॉपचा असतो, आणि तीन वर्षांनी ते उघडणारा माणूस डोक्याला हात लावतो. कोड उघडा असणं आणि कोड चालणं यात बरंच अंतर आहे. अर्थात उघडा नसण्यापेक्षा उघडा असलेला कधीही बरा. कोविडच्या वेळचं आठवून बघा, लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचा नील फर्ग्युसन यांच्या टीमचा रिपोर्ट १६ मार्च २०२० ला आला, काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये पाच लाखांवर मृत्यू होतील असा त्यात अंदाज होता, देशाची धोरणं त्यावर हलली, आणि कोड तेव्हा बाहेर आलेला नव्हता. वर्षानुवर्षं वाढत गेलेला, कागदपत्रं नसलेला कोड आहे असं फर्ग्युसन यांनीच सांगितलं होतं. नंतर साफसूफ करून तो गिटहबवर आला, आणि मग केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी तो स्वतंत्रपणे चालवून पाहिला तर रिपोर्टातले मुख्य आकडे जुळले. म्हणजे मॉडेल जुळत होतं! पण मधल्या काळात जो संशय पसरला, जे आरोप झाले, ते कोड पहिल्या दिवशी उघडा असता तर बऱ्यापैकी टळले असते असं माझं ठाम मत आहे. कोविडच्या काळात बायोमॉडेल्सनेही साथीची मॉडेल्स घेऊन, तपासून, वेगळी ठेवली, ते काम जरूर बघा.

आता स्वतःचं मॉडेल द्यायचं असेल तर. इथे अकाउंट काढावं लागतं, पण प्रक्रिया अवघड नाही. पेपर छापून यायच्या आधीच मॉडेल जमा करता येतं आणि ते तोपर्यंत खाजगी ठेवता येतं, पेपर तपासणाऱ्यांना बघायला देता येतं, आणि मिळालेला नंबर पेपरात घालता येतो. माझी कळकळीची विनंती आहे, हे काम पेपर पाठवायच्या आधी करा, नंतर करू म्हटलं की होत नाही, विद्यार्थी पास होऊन नोकरीला लागतो आणि ती फाइल कुठल्या पेनड्राइव्हवर होती ते कुणालाच आठवत नाही. फाइल पाठवताना एकच कसोटी लावा: लॅबमधल्या ज्याने हे काम केलेलं नाही अशा कुणाला तरी ती द्या आणि त्याला एक अक्षर न सांगता तुमची पहिली आकृती काढायला सांगा. आली तर पाठवा. एकके लिहा, सुरुवातीच्या किमती लिहा, घटकांना नीट ओळख जोडा, क्युरेटरचं काम निम्मं होतं आणि तुमचा नंबर लवकर लागतो. मॅटलॅबमध्ये केलं असेल तर एसबीएमएलमध्ये आणायला थोडे कष्ट पडतात हे खरं, पण ते करताना आपल्याच मॉडेलमधल्या चुका सापडतात हा माझ्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा अनुभव आहे.

मार्गदर्शकांसाठी पण एक सांगायचंय. आपल्याकडे मुलांना अजूनही वाटतं की मॉडेल उघडं टाकलं तर कुणीतरी चोरेल. अहो, नंबर आणि तारखेसकट तुमच्या नावावर जमा झालेली गोष्ट चोरणं उलट अवघड होतं, आणि लोक वापरतात तेव्हा तुमच्या पेपराचा उल्लेख करतात. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये नवीन मॉडेल बनवायचा हट्ट धरण्यापेक्षा नॉन-क्युरेटेड यादीतलं एखादं घेऊन ते पेपराशी जुळवून दाखवणं हा सुद्धा चांगला प्रोजेक्ट आहे. जुळलं तर शिकायला मिळतं, नाही जुळलं तर का नाही ते शोधताना त्याहून जास्त मिळतं, आणि लिहून कळवलंत तर पुढच्याला उपयोग होतो.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार. अर्धा कमी केलाय तो प्रयोगांचा डेटा आणि सिम्युलेशनच्या सूचना सगळीकडे मिळत नाहीत म्हणून.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी असं करावं: आधी १२ नंबर, एलोविट्झ आणि लायब्लर यांचा रिप्रेसिलेटर, तीन जनुकं एकमेकांना गोल गोल दाबतात आणि जीवाणूत घड्याळ तयार होतं, सगळ्यात सोपं आणि सगळ्यात मजेशीर. मग ५ नंबर, टायसन यांचं १९९१ चं पेशीविभाजनाचं. मग वर सांगितलेलं खोलोडेंको. तिन्हींत लाटा येतात पण कारणं वेगळी आहेत, ती शोधा. आणि "मॉडेल ऑफ द मंथ" म्हणून जुने लेख आहेत साइटवर, एकेक मॉडेल घेऊन समजावलेले, ते इंग्रजीत आहेत पण भाषा सोपी आहे. कोपासी बसवताना किंवा फाइल उघडताना काही अडलं तर खाली विचारा, मला येत असेल ते सांगेन.